लिंगाचे फ्रॅक्चर: शस्त्रक्रिया कधी व्हावी आणि नंतरची ताठरता कशी जपावी

ताठर लिंग अचानक वाकले, ‘कट्’ असा आवाज आला, तीव्र कळ उठली, ताठरता काही क्षणांत ओसरली आणि पाहता पाहता सूज चढून त्वचा काळीनिळी पडू लागली, तर लिंगाचे फ्रॅक्चर झाले आहे असे गृहीत धरूनच पुढची पावले उचलावीत. ही तातडीने शस्त्रक्रिया लागणारी दुखापत आहे. ती झालेल्या पुरुषाच्या मनात त्या वेळी दोन प्रश्न असतात: हे किती तासांत शिवून घ्यायला हवे, आणि पुन्हा पूर्वीसारखी ताठरता येईल का? उत्तराचा गाभा आधीच सांगून ठेवतो. त्याच दिवशी शस्त्रक्रिया व्हावी हे उद्दिष्ट ठेवावे. मात्र दोन-चार दिवस उलटून गेले असले तरी ‘आता काय उपयोग’ असे म्हणून घरी बसू नये, कारण उशिरा केलेली शस्त्रक्रियासुद्धा बहुतेक वेळा मुळीच न केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा चांगला परिणाम देते.

नेमके काय फाटते

लिंगात हाड नसते, तरीही या दुखापतीला फ्रॅक्चर म्हणण्याचा प्रघात आहे. लिंगाच्या आत स्पंजसारख्या ऊतीचे दोन दंड शेजारी शेजारी असतात. त्यांना कॉर्पोरा कॅव्हर्नोसा म्हणतात. या दंडांभोवती ट्युनिका अल्ब्युजिनिया नावाचे चिवट, पांढरट आवरण असते. लिंग शिथिल असताना या आवरणाची जाडी सुमारे २ मिलिमीटर असते. ताठर अवस्थेत ते ताणले जाऊन पाव ते अर्ध्या मिलिमीटरइतके पातळ होते. म्हणूनच ही दुखापत जवळजवळ नेहमी ताठर लिंगालाच होते.

या आवरणाचे काम समजून घेतले की पुढचे सगळे समजते. ताठरतेच्या वेळी दंडांमध्ये रक्त भरते, ते फुगतात, आणि आवरणाच्या लगत असलेल्या बारीक शिरा आवरण व फुगलेली ऊती यांच्यामध्ये दाबल्या जातात. त्यामुळे आत आलेले रक्त बाहेर पडू शकत नाही आणि ताठरता टिकते. आवरण फाटले की रक्त त्या फटीतून बाहेर येते आणि ताठरता तत्क्षणी जाते. ही फट नीट न जुळता वेड्यावाकड्या व्रणाने भरून निघाली, तर पुढेही त्या जागी रक्त कोंडून धरण्याचे काम अपुरे पडू शकते, किंवा लिंग व्रणाच्या बाजूला वाकू शकते. शस्त्रक्रियेच्या वेळेचा नंतरच्या ताठरतेशी संबंध येतो तो असा.

साधारण ताठर अवस्थेत दंडांतील दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर आवरण फाटण्यासाठी तो १५०० मिलिमीटरच्या पुढे जावा लागतो. एवढा दाब एका झटक्यात वाकण्यानेच निर्माण होतो. संभोगाच्या वेळी लिंग योनीतून निसटून जोडीदाराच्या जघनास्थीवर किंवा योनी व गुदद्वार यांमधल्या भागावर आदळणे हे नेहमीचे कारण आहे. जोराचे हस्तमैथुन, ताठर लिंग अंगाखाली येईल अशा रीतीने झोपेत कूस बदलणे, ही इतर कारणे आहेत. इराणच्या करमानशाह भागात ताठरता घालवण्यासाठी लिंग हाताने झटक्यात वाकवण्याची सवय आढळते आणि तेथील बरीच फ्रॅक्चर त्यातूनच झालेली आहेत. ‘बोटे मोडल्यासारखे’ हे करण्याची सवय कोणालाही असल्यास ती आजच सोडावी.

फट बहुधा एकाच बाजूच्या दंडाला, आडवी आणि एक ते दोन सेंटिमीटर लांबीची असते, आणि ती खालच्या बाजूला, म्हणजे मूत्रमार्गाच्या जवळ असते. त्यामुळे काही रुग्णांत मूत्रमार्गही फाटतो. दोन्ही दंड फाटले असतील तर ही शक्यता बरीच वाढते.

घरातला पहिला तास

घड्याळ पाहून दुखापतीची वेळ लिहून ठेवावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढे प्रत्येक डॉक्टर हाच प्रश्न विचारणार आहे, आणि घाबरलेल्या माणसाला दोन तास आणि पाच तास यांतला फरक नंतर नेमका आठवत नाही. लिंग सरळ करण्याचा, दाबून पाहण्याचा किंवा ‘अजून ताठरता येते का’ हे तपासण्याचा मोह टाळावा. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा, थेट त्वचेवर ठेवू नये. घट्ट पट्टी बांधू नये. सैल पण आधार देणारी अंतर्वस्त्रे घालून लिंग पोटाच्या बाजूला वर वळवून ठेवल्यास वेदना आणि सूज दोन्ही थोड्या आवरतात.

काही खाऊ-पिऊ नये, कारण काही तासांत भूल द्यावी लागण्याची शक्यता आहे आणि भरल्या पोटामुळे शस्त्रक्रिया विनाकारण पुढे ढकलली जाते. रक्तस्राव वाढवू शकणाऱ्या ॲस्पिरिनसारख्या गोळ्या वेदनेसाठी घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी औषधे आधीपासून चालू असतील तर त्यांची नावे सोबत न्यावीत. ताठरतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतले असेल तर तेही लपवू नये. भूलतज्ज्ञाला आणि हृदयाची औषधे देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत असणे जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे, कारण नायट्रेट गटातील औषधे या गोळ्यांसोबत दिल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येतो.

लघवी होते का, याकडे लक्ष ठेवावे, परंतु होत नसेल तर जोर लावू नये. मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा थेंब दिसणे, लघवीतून रक्त येणे किंवा लघवी अजिबात न होणे ही मूत्रमार्ग फाटल्याची लक्षणे आहेत. यांपैकी एकही दिसले तर सकाळपर्यंत थांबण्याचा विचार मनातून काढून टाकावा. उलट, ही तिन्ही लक्षणे नाहीत म्हणून मूत्रमार्ग सुरक्षितच आहे असेही धरता येत नाही.

या दुखापतीत सर्वाधिक वेळ संकोचात जातो. माणूस रात्रभर बर्फ लावून बसतो, सकाळी सूज वाढलेली पाहतो, मग ओळखीच्या कोणाला विचारावे की नाही यात आणखी एक दिवस जातो. शस्त्रक्रिया केव्हा व्हावी यावर तज्ज्ञांत कितीही चर्चा होवो, रुग्णाच्या हातात असलेला वेळ हाच आहे, आणि तो वाचवण्यासाठी दुखापत कशी झाली हे जोडीदाराने किंवा सोबत आलेल्या माणसाने रुग्णालयात स्पष्टपणे सांगितले तरी चालते.

रुग्णालयात काय सांगावे, काय मागावे

आपत्कालीन विभागात पोहोचल्यावर ‘लिंगाला मार लागला आहे’ एवढेच मोघम सांगितले तर साध्या मुकामाराचे उपचार होऊन घरी परत पाठवले जाण्याचा धोका असतो. म्हणून चार गोष्टी क्रमाने सांगाव्यात: लिंग ताठर असताना वाकले, आवाज आला, ताठरता लगेच गेली, आणि त्यानंतर सूज व काळेनिळेपणा आला. ही चौकट ऐकल्यावर अनुभवी डॉक्टर बहुधा तपासूनच निदान करतात. सुजलेले, जांभळट आणि फटीच्या विरुद्ध दिशेला कललेले लिंग वांग्यासारखे दिसते असे वर्णन वैद्यकीय ग्रंथांत येते. लिंगाभोवतीचे बक्स फॅशिया नावाचे आतले वेष्टन शाबूत असेल तर रक्त लिंगापुरते मर्यादित राहते. तेही फाटले असेल तर काळेनिळेपणा अंडकोषाच्या पिशवीपर्यंत आणि त्यामागच्या भागापर्यंत पसरतो.

लक्षणे स्पष्ट असतील तर तपासण्यांसाठी शस्त्रक्रिया अडवून ठेवण्याचे कारण नसते. चित्र संदिग्ध असेल, उदाहरणार्थ आवाज आलेला नाही, ताठरता हळूहळू उतरली, सूज बेताची आहे, तेव्हा सोनोग्राफी उपयोगी पडते, आणि तीतूनही उलगडा झाला नाही तर एमआरआय आवरणातील फट सर्वांत स्पष्ट दाखवतो. वरवरची एखादी शीर फुटल्यानेही जवळजवळ असेच चित्र दिसू शकते, आणि त्या वेळी आवरण शाबूत असते. मात्र एमआरआयची वेळ परवाच मिळणार असेल आणि तोपर्यंत सगळे थांबणार असेल, तर शस्त्रक्रिया करून प्रत्यक्ष पाहणे अधिक शहाणपणाचे असते. संशय कायम असताना आत पाहिले आणि फट सापडली नाही, तर त्यात रुग्णाचे फारसे नुकसान होत नाही.

मूत्रमार्गाबद्दल मात्र स्वतःहून विचारावे. वर सांगितलेल्या तीनपैकी कोणतेही लक्षण असेल तर मूत्रमार्गात रंगद्रव्य सोडून घेतलेला एक्स-रे किंवा दुर्बिणीने केलेली पाहणी आवश्यक ठरते, आणि ही पाहणी भूल दिल्यानंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावरही करता येते. घाईत शिवलेले आवरण आणि नजरेतून सुटलेला मूत्रमार्ग ही जोडी पुढे लघवीच्या मार्गाचे आकुंचन, जंतुसंसर्ग किंवा लघवी बाहेर झिरपण्याची वाट, अशा त्रासांना जन्म देते. लवकर करणे आणि पूर्ण करणे या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

किती तास: वेळेच्या प्रश्नाचे खरे उत्तर

विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात या दुखापतीवर शस्त्रक्रिया न करता उपचार होत असत: बर्फ, दाबपट्टी, लघवीची नळी, सूज उतरवणारी औषधे आणि ताठरता येऊ नये म्हणून दिलेली संप्रेरके. अशा रुग्णांत पुढे लिंगाला बाक येणे, ताठरतेच्या वेळी दुखणे, गाठी राहणे, पू होणे आणि ताठरता कमी होणे हे प्रकार इतके आढळले की हळूहळू शस्त्रक्रियेकडे कल झुकला. आज हा प्रश्न निकालात निघालेला आहे. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मूत्रसंस्थेच्या दुखापतींवरील मार्गदर्शक तत्त्वांत लक्षणे स्पष्ट असलेल्या रुग्णात विनाविलंब शस्त्रक्रिया करून फट शिवावी असे सांगितले आहे, आणि युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजीचा सल्लाही आवरण शिवण्याचाच आहे. ‘सूज उतरेल, गोळ्या घ्या, पंधरा दिवसांनी दाखवा’ असा सल्ला मिळाला तर नम्रपणे पण ठामपणे मूत्रविकारतज्ज्ञाचे मत मागावे.

वाद आहे तो पुढच्या टप्प्यावर: शस्त्रक्रिया करायचीच आहे, तर सहा तासांत, चोवीस तासांत की चार दिवसांनी केल्याने ताठरतेत फरक पडतो का? याचे एक वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, कारण हाती असलेले अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवत नाहीत. युरोपातील अनेक केंद्रांतील रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे आठ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांचे परिणाम अधिक चांगले दिसले. याउलट इजिप्तमधील मन्सूरा येथील केंद्राने २०११ मध्ये मांडलेल्या अनुभवात २४ तासांनंतर, अगदी आठवडाभरापर्यंतच्या उशिराने आलेल्या रुग्णांनाही शस्त्रक्रियेचा चांगला फायदा झाल्याचे आढळले. काही शल्यचिकित्सकांनी तर सूज थोडी उतरू देऊन, आठवड्याभराने, फटीची जागा बोटाला नेमकी लागू लागल्यावर लहान छेदातून दुरुस्ती करण्याची पद्धत मुद्दाम वापरली आहे.

ही विसंगती कशी येते हे समजून घेणे रुग्णाच्या उपयोगाचे आहे. ही दुखापत दुर्मीळ असल्याने एका रुग्णालयात वर्षाकाठी मोजकेच रुग्ण येतात, आणि बहुतेक अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले असतात. कोणाची शस्त्रक्रिया मुद्दाम उशिरा करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे नीतीला धरून होणार नाही. त्यामुळे ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ गटांतले रुग्ण मुळातच वेगळे असतात: ज्यांची दुखापत भयंकर दिसते आणि लघवी अडते ते धावत येतात, तर ज्यांची फट लहान असते ते दोन दिवस थांबून येतात. उशिरा आलेल्यांचे परिणाम चांगले दिसण्यामागे त्यांची दुखापतच सौम्य असण्याचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. ‘लवकर’ याची व्याख्या कोठे ८ तास, कोठे २४, तर कोठे ४८ तास अशी बदलते. ताठरताही कोणी प्रमाणित प्रश्नावलीने मोजतो, कोणी फक्त ‘ठीक आहे ना’ असे विचारतो, आणि दुखापतीआधी ताठरता कशी होती याची नोंद तर जवळजवळ कोणाकडेच नसते.

शरीराच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. पहिल्या काही तासांत फटीच्या कडा स्वच्छ आणि मऊ असतात, रक्त पातळ असते, ते धुऊन काढता येते आणि कडा एकमेकींना सहज भेटतात. दिवस जातात तसे साकळलेले रक्त घट्ट होते, आसपासच्या ऊती सुजून एकमेकींना चिकटू लागतात, कडा टाका धरण्यास नाजूक होतात आणि शस्त्रक्रियेत शेजारच्या नसा व रक्तवाहिन्या सोडवताना अधिक काळजी घ्यावी लागते. तरीही पहिल्या आठवड्यात कडा ओळखता येतात, जुळवता येतात, आणि आवरण टाके धरते. उशिराच्या शस्त्रक्रियांचे यश यातूनच आलेले आहे. काही आठवडे उलटल्यावर फट व्रणाने भरून गेलेली असते. मग तातडीने शिवण्यासारखे काही उरत नाही, व्रण स्थिरावू द्यावा लागतो आणि राहिलेल्या बाकाची किंवा ताठरतेच्या अडचणीची दुरुस्ती नंतर, वेगळ्या रीतीने करावी लागते.

यावरून माझ्या मते व्यवहारात असे वागावे. पहिल्या २४ तासांत पोहोचला असाल तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया व्हावी असा आग्रह धरावा, आणि शक्य असेल तर पहिल्या आठ-दहा तासांतच. पण जवळच्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया करण्याची सवय असलेला मूत्रविकारतज्ज्ञ नसेल, आणि दुसरीकडे जाण्यात तीन-चार तास जाणार असतील, तर ते तास सत्कारणी लागतात. अनुभवी हाताने थोड्या उशिराने घातलेले टाके अननुभवी हाताच्या घाईपेक्षा बरे. मध्यरात्री अपुऱ्या मनुष्यबळात शस्त्रक्रिया करण्याऐवजी पहाटे पूर्ण तयारीनिशी करू असे शल्यचिकित्सकाने सांगितले आणि मूत्रमार्गाला इजा नसेल, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मूत्रमार्ग फाटला असेल, लघवी अडली असेल किंवा दोन्ही दंडांना इजा असल्याचा संशय असेल, तर मात्र अशी सवलत घेऊ नये. दोन ते सात दिवस झाले असतील तरी त्याच दिवशी तज्ज्ञाला भेटावे आणि शस्त्रक्रियेचा प्रश्न थेट विचारावा. त्याहून अधिक काळ गेला असेल तर तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवरून निर्णय होतो. ताप, लालसरपणा किंवा पू दिसल्यास तो वेगळा आणि तातडीचा प्रश्न बनतो.

शस्त्रक्रियेबद्दल जाणून घेण्यासारखे

भूल दिल्यानंतर बहुधा लिंगाच्या टोकाच्या मागे गोल छेद घेऊन त्वचा मुळाकडे सरकवली जाते, म्हणजे दोन्ही दंड आणि मूत्रमार्ग पूर्ण दिसतात. फटीची जागा नक्की माहीत असेल तर थेट तिच्यावर लहान छेद घेतात. साकळलेले रक्त काढून फट विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवली जाते, आणि शेवटी दंडात सलाइन सोडून कृत्रिम ताठरता आणून टाके गळत नाहीत ना व लिंग सरळ राहते ना, हे पाहतात. मूत्रमार्ग फाटला असेल तर तो नळीवर शिवला जातो आणि नळी साधारण दोन ते तीन आठवडे ठेवावी लागते. अन्यथा ती बहुधा दुसऱ्या दिवशी निघते. गोल छेदानंतर अग्रत्वचा काढावी लागेल का, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावा, संमतीपत्रावर सही करताना तो स्पष्ट असावा. घरी जाताना कोणत्या बाजूला, किती लांबीची फट होती आणि मूत्रमार्गाची स्थिती काय होती याची लेखी नोंद मागून घ्यावी, कारण पुढे काही अडचण आल्यास तिचे मूल्य मोठे असते.

पुढचे आठवडे आणि ताठरतेची वाटचाल

शस्त्रक्रियेनंतर पहाटे किंवा झोपेत आपोआप ताठरता येऊ लागली की पुष्कळ जण घाबरतात, टाके तुटतील अशी भीती वाटते. अशी ताठरता येणे हे रक्तवाहिन्या आणि नसा काम करत असल्याचे चिन्ह आहे. सुरुवातीला ती दुखते, पण नीट घातलेले टाके तिने सहसा तुटत नाहीत. दुखणे फारच असेल तर उठून थोडे चालावे, लघवी करून यावे, आणि डॉक्टरांना सांगावे. ताठरता हाताने दाबून घालवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ती दाबून ठेवण्याच्या औषधांचा नेहमीसाठी उपयोग आहे असे ठामपणे सांगता येत नाही, म्हणून ती स्वतःहून घेऊ नयेत.

संभोग आणि हस्तमैथुन साधारण सहा आठवडे पूर्ण बंद ठेवावे. मूत्रमार्गाची दुरुस्ती झाली असेल तर शल्यचिकित्सक हा काळ वाढवू शकतात. ताप, जखमेतून पू, एकदम वाढलेली सूज, लघवीची धार बारीक होणे किंवा लघवी भलत्याच ठिकाणाहून झिरपणे, यांपैकी काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

ताठरतेचा अंदाज पहिल्या महिन्यातच बांधू नये. सूज, दुखरेपणा आणि मनातली धास्ती मिळून त्या काळातले चित्र प्रत्यक्षाहून वाईट दिसते. तीन महिन्यांनी, आणि पुन्हा सहा महिन्यांनी, मूत्रविकारतज्ज्ञाकडे जाऊन पाच प्रश्नांची प्रमाणित प्रश्नावली भरून घ्यावी. तिचे कमाल गुण २५ असतात आणि २१ किंवा त्याहून कमी गुण ताठरतेची काही अडचण असल्याचे दाखवतात. दुखापतीआधीची स्थिती आठवून तीच प्रश्नावली ‘पूर्वीसाठी’ एकदा भरून ठेवावी. पन्नाशी उलटलेल्या किंवा मधुमेह असलेल्या पुरुषाच्या बाबतीत ही तुलना फार महत्त्वाची ठरते, नाहीतर आधीपासून असलेली उणीवही दुखापतीच्या नावावर जमा होते.

अडचण राहिलीच तर तिचे मूळ कोठे आहे हे आधी शोधावे. झोपेत आणि पहाटे चांगली ताठरता येते पण जोडीदाराजवळ जाताच जाते, असे असेल तर शरीरापेक्षा भीतीचा वाटा मोठा असण्याची शक्यता असते. ‘पुन्हा तोच आवाज आला तर’ ही भीती अगदी स्वाभाविक आहे आणि तिच्यावर जोडीदाराला सोबत घेऊन केलेले समुपदेशन चांगले काम करते. ताठरता येते पण टिकत नाही, आणि हे पहाटेही तसेच घडते, तर दुरुस्त झालेल्या जागेतून रक्त निसटत असण्याचा किंवा दंडातील ऊतीत व्रण झाल्याचा विचार करून औषध टोचून केलेली डॉप्लर सोनोग्राफी करतात. तिच्यात धमन्यांतून येणारे आणि शिरांतून जाणारे रक्त दोन्ही मोजले जाते. उपचारांची सुरुवात बहुधा सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलने होते, पण हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेऊ नयेत. गोळ्यांनी भागले नाही तर निर्वात पंप, लिंगात टोचायची औषधे आणि शेवटी कृत्रिम रोपण असे पर्याय आहेत.

करमानशाह येथील ३५२ रुग्णांचा अठरा वर्षे पाठपुरावा करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली माहिती या बाबतीत मोठा आधार देते: शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांपैकी बहुसंख्यांची ताठरता टिकून राहिली. शिवलेल्या जागी बोटाला जाणवणारी लहान गाठ काही जणांत उरते. ती दुखत नसेल, वाढत नसेल आणि लिंग वाकत नसेल, तर तिच्यासाठी काही करावे लागत नाही. बाक राहिला असेल तर तो स्थिर होईपर्यंत सहसा काही महिने थांबतात आणि संभोगात अडथळा येत असेल तरच तो सरळ करण्याची शस्त्रक्रिया सुचवतात.

सहा आठवड्यांनंतर संभोग पुन्हा सुरू करताना पहिले काही दिवस वेग आणि खोली जोडीदाराच्या संमतीने मर्यादित ठेवावी, पुरेसे वंगण वापरावे, आणि लिंग निसटले की पुढचा धक्का देण्याआधी थांबून ते हाताने जागेवर आणावे. जोडीदार वर असताना किंवा मागून संभोग करताना लिंग पूर्ण बाहेर येऊन आदळण्याचा धोका अधिक असतो, म्हणून या स्थिती सुरुवातीचे काही महिने टाळाव्यात, आणि हे का टाळायचे हे जोडीदाराला आधीच सांगून ठेवावे.